भिकनआबांचा पाट

चितेगावात कुणालाही विचारा, भिकनआबांचं डोकं फिरलंय असंच सांगतील. सांगताना हसतील आणि मोबाईल काढून पुरावासुद्धा दाखवतील. म्हणून आधी एवढं सांगायला हवं, की ज्या दिवशी ते डोकं फिरल्याचं गावानं ठरवलं, त्या दिवशी ते अगदी ठिकाणावर होतं. इतका विचार करून त्या माणसानं उभ्या जन्मात दुसरं काही केलं नसेल.

आबा मेंढरं राखणाऱ्या घरातले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, अंग सुकलेलं पण ताठ, कानात जुनी बाळी, खांद्यावर घोंगडी. तरुणपणी दिवाळी झाली की मेंढरांचा कळप घेऊन गोदावरीच्या कडेकडेनं पैठणच्याही खाली उतरायचे, ते मृगाच्या आत परतायचे. पुढं पैठण रस्त्याला कंपन्या आल्या, माळावर तारेची कुंपणं आणि प्लॉटिंगचे दगड आले, आणि चरायला जागाच उरली नाही. एकुलता एक मुलगा रामप्रसाद कंपनीत लागला. त्यानं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं आणि मेंढरं विकायला काढली. आबांनी हट्टानं चार मेंढ्या मागं ठेवल्या. बायको केव्हाच गेली होती, आता मेंढ्याही गेल्या तर सकाळी उठायचं कशाला, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

त्याच वस्तीत बानाबाई राहायच्या. त्यांचा नवरा आणि आबा एकाच तांड्यात हिंडलेले. नवरा गेला तेव्हापासून त्या मुलाजवळ, मोतीरामजवळ होत्या. मोतीरामचा छोटा टेम्पो होता. मोतीरामची बहीण रत्नमाला शहरात मुकुंदवाडीला दिलेली. बानाबाईंनीही हट्टानं दोन मेंढ्या ठेवल्या होत्या, त्यामुळं रोज दुपारी हे दोघं आणि त्यांच्या सहा मेंढ्या एका कंपनीच्या भिंतीलगत, बाभळीच्या सावलीला असायच्या. बानाबाई टकळीवर लोकर कातायच्या. आबा भिंतीला टेकून बसायचे. आबांना जवळचं नीट दिसत नव्हतं, तर टाचेत मोडलेला काटा बानाबाई काढायच्या. बानाबाईंचे गुडघे धरलेले, तर दूर गेलेली मेंढी वळवून आबा आणायचे. त्यातली एक तर जात्याच उनाड होती. शेवटी कंटाळून आबांनी तिच्या गळ्यात घंटी बांधली.

"घंटी बांधल्यानं ती हिंडायची ऱ्हाती व्हय?" बानाबाई म्हणाल्या होत्या.

"हिंडू दे की. कुठं हाय ते आपल्याला कळल्याशी कारण."

असं सगळं चाललं होतं आणि कुणाच्या डोळ्यांत खुपतही नव्हतं. म्हातारी माणसं सावलीला बसलीत, बसू दे. त्यांच्यात काही असू शकतं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. भिंतीशेजारचा दगड आणि हे दोघं, लोकांच्या लेखी सारखेच.

त्या श्रावणात बानाबाईंना ताप आला. त्या बाभळीखाली येईनात, म्हणून आबा त्यांच्या घरी गेले. मोतीरामच्या बायकोनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "झोपल्यात आत्याबाई." आबा ओट्यावर जरा वेळ टेकले. आतून कण्हल्याचा आवाज येत होता. आत जावं, कपाळावर हात ठेवावा, पाणी पाजावं असं त्यांच्या फार मनात आलं, पण पाय उचलेना. दुसऱ्या दिवशीही ते तसेच ओट्यावरून परतले.

ताप उतरून बानाबाई पुन्हा सावलीला आल्या तेव्हा त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"एकदा बी आला नाय तुमी?"

"आल्तो. दारातून माघारी गेलो."

"आत काहून नाय आला?"

"कोण म्हणून येऊ?"

बानाबाईंनी टकळीला एक फेरा दिला, धागा ओढला, आणि धाग्याकडं बघतच म्हणाल्या, "मंग पाट लावा की माह्यासंगं."

आबांनी मागं वळून पाहिलं, जणू बोलणारं दुसरंच कुणी असावं. मग दोघंही हसली. बानाबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आबा खोकला येईस्तोवर हसले. हसणं थांबलं तेव्हा थट्टा केव्हाच संपली होती.

पाट म्हणजे त्यांच्यात विधवेचं दुसरं लग्न. ना मुहूर्त, ना वाजंत्री. जातीतले चार वडीलधारे बसायचे, त्यांच्यापुढं घोंगडी पसरायची, घोंगडीवर लुगडं, बांगड्या आणि नारळ ठेवून पुरुषानं भर बैठकीत मागणं घालायचं. बाईची ना नसली की वडीलधारे नारळ उचलायचे, आणि झालं. आबांची स्वतःची आई पाटाची होती. लपूनछपून केलं तर ती भानगड, आणि वडीलधाऱ्यांपुढं मागितलं तर तो पाट, हे आबा लहानपणापासून बघत आले होते. आणि इथंच त्यांचा घात झाला. गुपचूप बाभळीखाली बसत राहिले असते तर मरेस्तोवर कुणी हटकलं नसतं. पण बानाबाईंच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून त्यांनी ते राजरोस मागायचं ठरवलं.

दसरा झाल्यावर रामप्रसादच्या दारात देवाचं जेवण होतं. मांडव घातलेला, सगळा गोतावळा जमलेला. पंगती उठल्या, पानसुपारी फिरली. आबांनी खांद्यावरची घोंगडी काढली. बानाबाईंनी कातलेल्या लोकरीचीच होती ती. त्यांनी ती बैठकीच्या मधोमध पसरली, तिच्यावर हिरवं लुगडं ठेवलं, बांगड्या ठेवल्या, नारळ ठेवला. मग कारभारींपुढं हात जोडून उभे राहिले. कारभारी म्हणजे त्या बैठकीत वयानं सगळ्यात मोठे, आबांपेक्षाही वडील. त्यांच्या हातानं किती पाट लागले याला गणती नव्हती.

"कारभारी," आबा खणखणीत आवाजात म्हणाले, "मोतीरामच्या मायचं मागणं घालतो. तिची ना नाय. नारळ उचला."

मांडवात क्षणभर चिडीचूप झालं. आबांना वाटलं, मान ठेवला लोकांनी. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळा मांडव हसायला लागला. पोरं हसली, सुना हसल्या, परगावचे पाहुणे एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारून हसले. कुणाकुणाचे मोबाईल वर आले. आबा मात्र कारभारींकडं बघत होते. निदान या माणसाला तरी पाट म्हणजे काय ते ठाऊक होतं.

कारभारींनी आजूबाजूला पाहिलं. आपण नारळ उचलला तर हे हसू आपल्यावर येणार, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. त्यांनी बोळक्या तोंडानं सगळ्यांपेक्षा मोठं हसू काढलं.

"भिकन्या, प्रसाद घेतला का भांग घेतली रं? गोवऱ्या गेल्या मसणात आन् तुला नवरी पायजे?"

त्यानंतर जे हसू उसळलं ते काही थांबेना. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या बानाबाईंनी पदर असा ओढून घेतला की नाकाचा शेंडाही दिसेना. मोतीराम उठला, आईच्या दंडाला धरून तिला उभं केलं आणि मांडवाबाहेर नेलं. गुडघ्यांमुळं त्यांना भरभर चालता येत नव्हतं, तरी तो ओढतच राहिला. आबांनी घोंगडीवरच्या वस्तू गोळा केल्या. लुगड्याची घडी काही त्यांच्या हातानं नीट बसेना.

आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाच्या इच्छेला एकच शब्द आहे, म्हातारचळ. त्यानं देव मागावा, तीर्थ मागावं, फार तर मऊ भात मागावा. याच्यापलीकडं काही मागितलं की तो चळ. दुसऱ्या दिवसापर्यंत आबांचं ते हात जोडणं मोबाईलमोबाईलवर पोचलं होतं. कुणी त्याला लग्नाची सनई जोडली होती. रामप्रसादला कंपनीत पाळी बदलताना विचारणा झाली, "काय, नवी आई कधी येणार?" तो घरी आला तो मान खाली घालून. संतापला असता तर बरं झालं असतं, आबांनी दोन उलट शब्द सुनावले असते. पण तो जवळ बसला आणि हळू आवाजात बोलला.

"आबा, काय करून बसला हे?"

"मागणं घातलं. चोरी नाय केली. तुझी आजी बी पाटाचीच व्हती, इसरला का?"

"ती तरणी व्हती, आबा."

पाट वाईट नाही, मागणंही वाईट नाही, फक्त आपण म्हातारे आहोत एवढाच आपला गुन्हा, हे आबांना त्या चार शब्दांत समजलं. याच्यावर इलाज नव्हता. उद्या ते आणखी म्हातारेच होणार होते.

आठवड्यानं रामप्रसाद त्यांना शहरात डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. सून सुलेखाही बरोबर होती. डॉक्टर भला दिसत होता, पण सगळं रामप्रसादला विचारत होता. झोप लागते का यांना? चिडचिड करतात का? आधी असं कधी वागले होते का? आबा मधल्या खुर्चीवर बसून कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं बघत होते. सुलेखा म्हणाली, "एरवी मामा लई शांत हायेत हो. ह्या वयात असं कसं डोक्यात घेतलं, कळंना." आबा एकदाच बोलले, "मला काय झालेलं नाय, डॉक्टरसाहेब." डॉक्टर त्यांच्याकडं बघून लहान मुलाकडं बघून हसावं तसं हसला, "हो आजोबा, काहीच झालं नाहीये," आणि गोळ्या लिहून दिल्या.

त्या गोळ्यांनी आबांना दिवसाही गुंगी यायला लागली. बोलताना जीभ जड व्हायची, ताटावर बसल्या बसल्या डोळा लागायचा, एकदा मेंढ्यांना पाणी दाखवायचं राहूनच गेलं. घरातले हळहळले. किती लवकर थकले, बघता बघता, असं जो तो म्हणू लागला. मेंढ्याही मग विकल्या गेल्या, कारण आता त्या आबांना झेपणार नव्हत्या. घंटीवाली सगळ्यात आधी गेली.

बानाबाईंना मोतीरामनं मांडवातल्या त्या जेवणाच्याच आठवड्यात मुकुंदवाडीला रत्नमालेकडं नेऊन सोडलं होतं. जाताना वस्तीभर ऐकू जाईल असा तो बोलत होता, "रत्नमालेच्या पोरीचं जमवायचंय औंदा. तुह्या थेरांपायी तिची सोयरीक मोडली तर कुणाला तोंड दाखवू, माय?" बानाबाईंची टकळी ओट्यावरच राहिली. पुढं ती पोरांनी खेळायला घेतली आणि मोडली.

संक्रांत झाली. एक दिवस आबांनी सकाळची गोळी जिभेखाली धरली आणि मोरीत थुंकली. मग दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. हळूहळू डोळ्यांवरची झापड उतरली. त्यांना फार काही करायचं नव्हतं. पाट गेला उडत. फक्त एकदा बानाबाईंसमोर बसून विचारायचं होतं, की बाई, माझ्यापायी तुझे हाल झाले, तू रागावलीस का. एवढं तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना घास गोड लागेना. रत्नमालेच्या घराच्या वास्तुशांतीला ते जाऊन आले होते, वाट पक्की ठाऊक होती. कुणाला न सांगता त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि शहराची एसटी धरली.

शेजारच्या सीटवरचा माणूस त्यांच्याकडं बघून मागच्याला म्हणाला, "फुकट केलंय ना म्हाताऱ्यांना, म्हणून हे असे दिवसभर हिंडतात." आबा खिडकीबाहेर बघत राहिले. रेल्वे स्टेशनला उतरून ते रिक्षांपाशी गेले. मुकुंदवाडी म्हटल्यावर रिक्षावाल्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"चचा, घर में बोल के निकले क्या? कोई साथ में नै?"

"कोण कशाला पायजे? मला ठाव हाय."

"नै चचा, कल ऐसेच एक बुढे बाबा घूमते मिले थे. नंबर है क्या जेब में?"

त्यानं चांगुलपणानंच चौकातल्या पोलिसाला हाक मारली. पोलिसानं नाव विचारलं, गाव विचारलं. आबांनी सगळं बरोबर सांगितलं. बरोबर सांगितलं म्हणून त्याची उलट आणखीच खात्री पटली. "पाठ करून दिलंय वाटतं घरच्यांनी," तो रिक्षावाल्याला म्हणाला, आणि आबांना चितेगावकडं जाणाऱ्या बसच्या थांब्यावर आणून उभं केलं. त्याची पाठ वळल्यावर आबा तिथून निघाले आणि मुकुंदवाडीपर्यंत सगळा रस्ता पायी चालत गेले. हयातभर मेंढरांमागं चाललेल्या माणसाला ते काही अवघड नव्हतं. लागलं ते दुसरंच होतं. अनोळखी माणसंसुद्धा आता त्यांच्या पायांवर विश्वास ठेवत नव्हती.

रत्नमालेच्या दारात चपलांचा ढीग होता. आतून बोलण्याचा, कपबशांचा आवाज येत होता. आबांनी कडी वाजवली. दार रत्नमालेनं उघडलं आणि त्यांना बघताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या खांद्यावरून आबांना आतलं सगळं दिसलं. सतरंजीवर पाहुणे बसलेले, मधोमध पोह्यांचा ट्रे घेऊन साडीतली पोर उभी, रत्नमालेची लेक सुकेशनी. तिला बघायला मुलाकडचे आले होते. आणि कोपऱ्यात खुर्चीवर बानाबाई बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना कडक इस्त्रीचं पातळ नेसवलं होतं आणि मोकळे हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या.

"कोण आहे हो?" पाहुण्यांपैकी एका वयस्कर बाईंनी विचारलं.

रत्नमालेनं आईकडं पाहिलं. मांडवातला व्हिडिओ त्या घरानंही पाहिला होता, पाहुण्यांनीही कदाचित पाहिला असेल. फक्त त्यातली बाई पदराआड होती, आणि ती कोण हे आज या दारात कळायला नको होतं.

बानाबाई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत दारापर्यंत आल्या. त्यांनी आबांच्या खांद्यावरची घोंगडी पाहिली, मग आबांना पाहिलं.

"कोण की बाई," त्या मागं वळून म्हणाल्या. "म्हातारं माणूस हाय. वाट चुकलेलं दिसतंय."

"या वयात असंच होतं," त्या पाहुण्या बाई हळहळल्या. "आमच्या गल्लीत पण आहेत एक. बिचारे."

आतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आबा बानाबाईंच्या डोळ्यांत बघत होते. जे विचारायला आले होते त्याचं उत्तर तिथं होतं. राग नव्हता. नुसती भीती होती, आणि गयावया होती, की जा, माझ्या नातीसाठी जा. हे सगळं त्यांना एका नजरेत कळलं. ज्याच्या डोक्यावर उपचार चालले होते त्या माणसाला कळलं.

"व्हय," आबा मोठ्यानं म्हणाले, आत सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "वाट चुकलो. काय ध्येनात ऱ्हात नाय आताशा."

बानाबाईंनी स्वतः तांब्याभर पाणी आणून दिलं. देताना थोडं पाणी घोंगडीवर सांडलं. त्यांनी पदरानं ते टिपलं, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ टिपलं. मग परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "नीट जा हं, बाबा."

मुलाकडच्या एका तरुणानं आबांना गाडीवर बसवून बसस्थानकावर सोडलं. वाटेत तो त्यांना समजावत होता, की आजोबा, घरच्यांचा नंबर खिशात ठेवत जा. आबा मागं बसून "व्हय, व्हय" म्हणत होते.

चितेगावात तोवर शोधाशोध सुरू झाली होती. आबांना दारात बघताच सुलेखा रडायलाच लागली. रामप्रसादनं दोन्ही खांदे धरून विचारलं, "कुठं गेला व्हता, आबा?"

आता खरं सांगायचं तर बानाबाईंचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि ते त्या घरापर्यंत, त्या पोह्यांच्या ट्रेपर्यंत पोचलं असतं.

"म्हायीत नाय," आबा म्हणाले. "वाट चुकलो."

रामप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मनात कुठंतरी शंका होती, आज ती फिटली. त्यानं कपाटातून कंपनीच्या ओळखपत्राची जुनी निळी पट्टी काढली, प्लास्टिकच्या पाकिटात आपला मोबाईल नंबर लिहिलेला कागद घातला आणि ती घेऊन बापासमोर उभा राहिला.

"आबा, हे गळ्यात असू द्या. कुठं बी गेला तरी आमाला कळंल."

आबांनी त्या पट्टीकडं पाहिलं. मग खाली वाकून त्यांनी स्वतःच मान पुढं केली.